नारळ, सुपारी, ताड, शिंदी, भेरली माड: यांच्यात कोण कोणाच्या जवळचं?

तुम्ही विचारलंय की नारळ आणि शिंदी या दोघांचीही पानं पिसासारखी, ताडाचं तेवढं पंख्यासारखं. मग नारळ-शिंदी जवळचे आणि ताड लांबचा, असं धरायचं का? नाही. शिंदी ताडाच्या शाखेतली आहे आणि नारळ-सुपारी दुसऱ्या शाखेतली. पानाच्या एकंदर आकारावरून यांची नाती लावायला गेलं की फसगत ठरलेली.

हे सगळे ॲरेकेसी, म्हणजे ताड-माडांच्या कुलातले. जगभरात मिळून साधारण २६०० जाती, आणि त्यांची पाच उपकुलं. सगळ्यात आधी फुटलेल्या शाखेत आपला वेत येतो. त्याच्या फळावर खवले असतात, ते बघून तो लगेच कळतो. मग निपा, म्हणजे सुंदरबनातला गोलपाता, एकटाच आपल्या उपकुलात. तिसरं उपकुल आपल्या रानात नाही, ते सोडू. उरली दोन: कोरिफॉइडी आणि ॲरेकॉइडी. पहिल्यात ताड, शिंदी, खजूर, दीवकडचा फांद्या फुटणारा रावण ताड. दुसऱ्यात नारळ, सुपारी आणि तेलाचा ताड, ज्याचं पामतेल आपण खातो.

फरक बघायचा असेल तर पानाची घडी बघा. शिंदीची एक पात मध्येच आडवी कापा. हीर खाली आणि दोन्ही कडा वर, म्हणजे सरळ पन्हळ. आता नारळाची पात कापा: हीर वर, कडा खाली. ताडाचा पंखा घेतलात तरी त्याची घडी शिंदीसारखीच निघते. एखाददुसरा अपवाद सोडला तर ही खूण पक्की.

भेरली माडाची गंमत तर यापुढची. त्याचं पान दोनदा विभागलेलं, पाती माशाच्या शेपटीसारख्या, म्हणून बरीच वर्षं त्याला नारळ-सुपारीच्या उपकुलात बसवलं होतं. १९८७ च्या वर्गीकरणातही तो तिथेच होता. घडी मात्र शिंदीसारखी! पुढे डीएनएने निकाल दिला आणि त्याला कोरिफॉइडीत हलवावं लागलं. तिथेही तो शिंदीपेक्षा ताडाला जवळचा. माझ्या मते घडीचं ऐकलं असतं तर एवढा उशीर झाला नसता, पण वर्गीकरण करणाऱ्यांना एका खुणेवर भरवसा ठेवता येत नाही, हेही खरं.

दुसरी खूण फळात आहे, आणि ती घरबसल्या बघता येते. या कुलात फुलाच्या मधोमध बहुधा तीन कप्पे असतात. ताडात ते जुळलेले, आणि तिन्ही वाढले की एका ताडफळातून तीन गोळे निघतात. खजुरात तिन्ही सुटे, त्यांतला एकच वाढतो. नारळातही एकच वाढतो, पण करवंटीवरचे तीन डोळे त्या तिघांची आठवण ठेवतात. मऊ डोळ्यातून कोंब येतो, बाकीचे दोन बंद. तेलाच्या ताडाच्या बीवरही असेच डोळे असतात, म्हणून तो नारळाच्याच गोतात धरतात.

ताड-माड गवताच्या नात्यातले का, हेही विचारलंत. ताड-माडांचं कुल गवताच्या कुलात येत नाही, त्याचा गण (कुलाच्या वरची पायरी) स्वतंत्र आहे. पण गवताचा गण आणि केळी-हळदीचा गण हे त्याचे भाऊबंद, एवढं खरं. हे सगळे एकदल, म्हणूनच नारळाच्या खोडात सागासारखी वर्षाची वलयं मिळत नाहीत. बाहेरून दिसतात ती गळून गेलेल्या झावळ्यांची वणं.

कुल जुनं आहे. छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलां इथे दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात निपाची अश्मीभूत फळं मिळाली आहेत, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची. आज निपा फक्त खाऱ्या खाडीकाठी वाढतो, त्यामुळे तेव्हा तिथपर्यंत खारं पाणी पोचत असावं, असा तर्क केला जातो.

जाता जाता: बंगल्यांसमोर लावतात तो ट्रॅव्हलर्स पाम या गोतातला नाही, तो केळीच्या गणातला. आणि नर्सरीत सागो पाम म्हणून विकतात तो सायकस तर सपुष्पच नाही.