तळ्याचं पाणी उतरतंय, डॉकवरची बोट कधी काढायची?

प्रश्न: नमस्कार काका, आम्ही अटलांटाच्या उत्तरेला कमिंगला राहतो. दोन वर्षांपूर्वी लेक लेनिअरच्या काठावर घर घेतलं, घरासोबत तरंगता डॉक (बोट बांधायचा धक्का) आणि बोट पाण्याबाहेर उचलून ठेवायची लिफ्ट मिळाली, आणि मागच्या उन्हाळ्यात 21 फुटी बोट घेतली, इनबोर्ड-आउटबोर्ड, म्हणजे इंजिन आत आणि पंख्याची ड्राइव्ह मागे बाहेर. यंदा पाऊसच नाहीये, पाणी रोज थोडं थोडं मागे जातंय आणि काठावरचा लाल मातीचा पट्टा रुंद होत चाललाय. आज तलावाची लेव्हल समुद्रसपाटीपासून 1064.5 फूट आहे. मिस्टर म्हणतात बोट लिफ्टवर उचललेली आहे, पाण्याला टेकलेलीच नाही मग कसली घाई. माझे सासरे सध्या आमच्याकडे आलेत, ते भिगवणचे, सगळं आयुष्य उजनीच्या काठावर गेलेलं, ते रोज सकाळी डॉकवर जाऊन येतात आणि म्हणतात पाणी मागं सरलं की होडीपण सरकवायची, उशीर केला की चिखलात बसते. कुणाचं ऐकू? - एक वाचक, कमिंग, जॉर्जिया

उत्तर: सासऱ्यांचं ऐका, आणि ह्याच आठवड्यात ऐका.

लिफ्टवरची बोट सुरक्षित दिसते, आणि फसगत तिथेच होते. बोट बाहेर काढायची म्हणजे लिफ्ट खाली सोडायची, ती इतकी खाली जायला हवी की बोट तिच्यावरून तरंगून सुटेल. खाली पाणी कमी असेल तर बोट तरंगायच्या आधीच लिफ्टची चौकट तळाला टेकते, आणि मग बोट वरच राहते, ना पाण्यात ना जमिनीवर. 2007 च्या दुष्काळात माझी स्वतःची बोट अशीच अडकली, मी रोज खिडकीतून बघत होतो आणि रोज वाटायचं की अजून पाणी आहे की खाली. पाणी होतं पण पुरेसं नव्हतं. त्या डिसेंबरात लेनिअर 1050.79 फुटांवर गेला, म्हणजे उन्हाळ्यातल्या भरलेल्या पातळीपेक्षा (फुल पूल), 1071 पेक्षा, वीस फूट खाली, आणि पुन्हा काठोकाठ भरायला 2009 चा ऑक्टोबर उजाडला. हा तलाव मोठा आहे पण त्याला पाणी आणून देणारं पाणलोट क्षेत्र त्या मानाने लहान आहे म्हणून एकदा उतरला की सावकाश भरतो. त्यात ब्यूफर्ड डॅममधून खाली चॅटाहूची नदीत पाणी सोडावंच लागतं, अटलांटाचं पिण्याचं पाणी, वीज, पार फ्लोरिडापर्यंतची नदी, सगळं त्यावर आहे. तेव्हा "पुढच्या महिन्यात पाऊस येईल" ह्या भरवशावर बोट ठेवू नका.

आता काय करायचं ते सांगतो. एका लांब काठीवर फुटांच्या खुणा करा आणि लिफ्टच्या चारही कोपऱ्यांशी खोली मोजा, काठाकडच्या कोपऱ्यात सगळ्यात कमी निघेल, तोच आकडा धरायचा. त्याच दिवशीची तलावाची लेव्हल शेजारी लिहून ठेवा, कोअरच्या (तलाव सांभाळणाऱ्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या) साइटवर रोज मिळते. समजा उथळ कोपऱ्यात 6 फूट पाणी निघालं. ड्राइव्ह वर घेतलेली असताना तुमची बोट साधारण दीड फूट पाण्यात बसते, त्याखाली लिफ्टची चौकट आणि तिला तरंगवणाऱ्या हवेच्या टाक्या अडीच फूट धरा (खरा आकडा लिफ्टच्या मॅन्युअलमध्ये बघा, मॉडेलप्रमाणे फरक पडतो), झाले 4, वर एक फूट हाताशी ठेवा म्हणजे 5. सहातून पाच गेले, एक फूट उरला. म्हणजे तलाव 1063.5 ला पोचायच्या आत बोट लिफ्टवरून उतरली पाहिजे. हा आकडा फ्रीजवर चिकटवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कारण रोज नुसतं बघून माणसाला पाणी उतरलेलं कळत नाही, आकडा बघितला की कळतं.

दुसरा मार्ग म्हणजे डॉकच पुढे खोल पाण्यात सरकवायचा. तरंगता डॉक त्यासाठीच असतो आणि पाणी हलेल तसा तो हलवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे. बोट आधी काढून घ्या, लिफ्ट वर उचला, वारा नसलेला दिवस बघा, डॉक काठाला बांधलेल्या केबल ढिल्या करा आणि थोडा थोडा सरकवा, पाच-दहा फूट, एकदम पन्नास नाही. डॉक एकदा टेकला की मग तो हलत नाही म्हणून हे तो तरंगत असतानाच करायचं. पण तुमचं घर अरुंद कोव्हमध्ये (तलावाच्या आत शिरलेल्या फाट्यात) असेल तर पुढे जायला मर्यादा आहे, समोरच्यांच्या बोटींना वाट राहिली पाहिजे, साधारण नियम असा की कोव्हच्या रुंदीच्या एक-तृतीयांशापुढे जायचं नाही. कोअरच्या लेनिअर ऑफिसला फोन करून विचारून घ्या. आणि ह्याच फोनमध्ये एक गोष्ट जरूर विचारा, डॉकचं परमिट तुमच्या नावावर झालंय का. घर विकलं की परमिट आपोआप नव्या मालकाकडे येत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो, आपल्या लोकांमध्ये हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. तुमचं घर आणि पाणी ह्यांच्यामधली काठाची पट्टी सरकारची आहे, तुमची नाही, त्यामुळे तळ उकरून खोल करू असा विचार कोणी सुचवला तर परवानगीशिवाय फावडंसुद्धा लावू नका.

विजेचं मात्र हात जोडून सांगतो. डॉक पुढे गेला की काठावरून येणारी वायर ताणली जाते, सालपट निघतं, जोड उघडे पडतात. सरकवायच्या आधी घरातला ब्रेकर बंद, आणि नंतर इलेक्ट्रिशियनकडून तपासल्याशिवाय चालू करायचा नाही. गोड्या पाण्यात गळती झालेला करंट दिसत नाही, पण पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात आणि माणूस बुडतो. वीज चालू असलेल्या डॉकजवळ मुलांना कधीच पोहू देऊ नका, पाणी भरलेलं असलं तरी.

बोट काढायची ठरली की रॅम्प (बोट ट्रेलरवर चढवायचा काठावरचा उतार) आधी बघून ठेवा. प्रत्येक रॅम्प एका ठराविक लेव्हलपर्यंतच चालतो आणि दुष्काळात ते एकेक करून बंद होतात, मग उरलेल्यांवर ट्रेलरच्या रांगा. मरीनामधल्या कोरड्या जागासुद्धा तेव्हाच भरतात. डॉकपासून रॅम्पपर्यंत जाताना हळू जा, ड्राइव्ह थोडी वर ठेवा, कारण नेहमीच्या वाटेवर आता झाडांचे बुंधे आणि उथळ माती वर आलेली असते. इंजिन पाणी ओढतं ते चिखलाचं ओढलं तर इंपेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा पंखा) जातो, त्यामुळे बाहेर काढल्यावर स्वच्छ पाण्याने फ्लश करा. तशीही थंडी येणार, विंटराइज (इंजिनातलं पाणी काढून थंडीसाठी तयार करणं) आत्ताच करून टाका.

सासऱ्यांना एक नक्की दाखवा. 2007 मध्ये लेनिअरच्या पोटातून जुन्या रेसट्रॅकच्या काँक्रीटच्या पायऱ्या वर आल्या होत्या, गेन्सव्हिलजवळ. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ना, त्यांना लगेच कळेल. आणि खोली मोजायला त्यांनाच सोबत न्या, त्यांची नजर पाण्यावर तयार झालेली आहे. फक्त लाइफ जॅकेट घालून, आणि उघड्या पडलेल्या चिखलात कुणीच पाय घालायचा नाही, वरून वाळलेला दिसतो पण आत माणूस गुडघ्यापर्यंत जातो.

प्रश्न: काका, आम्ही ऑस्टिनला, लेक ट्रॅव्हिसवर. आमच्या डॉकची एक बाजू टेकलीय आणि डॉक तिरका झालाय. बोटीला दोर बांधून डॉक ओढून काढू का? - एक वाचक, टेक्सस

उत्तर: नको. चिखल फ्लोटला (डॉकला तरंगवणाऱ्या खालच्या ठोकळ्याला) धरून ठेवतो, तुम्ही ओढलं तर फ्लोट तिथेच राहतो आणि वरची चौकट पिळवटते, किंवा बोटीचा क्लीट (दोर बांधायची खुंटी) उपटून येतो आणि दोर उलटा अंगावर येतो. वीज बंद करा. डॉकवरचं जड सामान उतरवा, बोट अजून तरंगत असेल तर आजच बाहेर काढा, आणि डॉकचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. तो येईपर्यंत एक करून ठेवा, केबल थोड्या ढिल्या करा. ट्रॅव्हिस उतरतो सावकाश पण वरच्या बाजूला डोंगराळ भागात जोराचा पाऊस झाला तर एका रात्रीत कितीतरी फूट चढतो, आणि तेव्हा एक बाजू चिखलात रुतलेली आणि केबल ताठ असतील तर डॉक वर न येता पाण्याखाली जातो. केबल किती ढिल्या ठेवायच्या हे त्या माणसाकडून जागेवरच दाखवून घ्या, आणि पावसाचा इशारा आला की रात्री उशीर झाला तरी एकदा टॉर्च घेऊन काठावरूनच बघून या.