समारंभापुरतं घड्याळ

प्रश्न : माझं महागडं ऑटोमॅटिक घड्याळ मी फक्त समारंभांना घालतो. दर वेळी ते बंद पडलेलं असतं. बिघाड आहे का? घड्याळ फिरवत ठेवणारी पेटी घ्यावी का?

उत्तर : बिघाड नाही. यात बॅटरी नसते. मनगट हललं की आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसते. पूर्ण चावी साधारण ४० ते ७० तास पुरते, मग घड्याळ झोपतं. घालण्याआधी चावीची कळ २०-३० वेळा सावकाश पुढे फिरवा. स्क्रूची कळ असेल तर काम झाल्यावर ती दाबून पुन्हा पिळून बसवा, नाहीतर हात धुतानाही पाणी आत शिरेल.

तारीख बदलताना खरी गफलत होते. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत बऱ्याच घड्याळांची तारखेची चक्रं आपसांत गुंतलेली असतात. तेव्हा जबरदस्ती केली तर दाता मोडतो. बंद घड्याळातले १० सकाळचे की रात्रीचे, कोण सांगणार? म्हणून काटे आधी सहावर आणा.

पेटी? एकाच साध्या घड्याळासाठी ती निव्वळ हौस. लीप वर्षापर्यंतचं कॅलेंडर सांभाळणारं घड्याळ असेल तर मात्र घ्या; ते पुन्हा जुळवणं फार किचकट.