१९१७ चा शिक्का असलेली पॉइंट टू-टू रायफल: अस्सल की जोडकाम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तासगावच्या घरात पणजोबांपासून चालत आलेली पॉइंट टू-टू (.२२ इंच बोअरची) टार्गेट रायफल आता तुमच्या परवान्यावर आहे. बोल्टच्या (मागे-पुढे सरकून काडतूस आत बंद करणाऱ्या दांड्याच्या) हँडलमागे, लाकडी दस्ता (बट) जिथे बसतो त्या लोखंडी बट सॉकेटच्या उजव्या अंगाला मुकुट, जी.आर., बी.एस.ए. कंपनी, १९१७ आणि एस.एच.टी. एल.ई. तीन, पुढे एक स्टार, असे शिक्के आहेत. घरचे म्हणतात, पणजोबांनी मेसोपोटेमियाच्या लढाईतून आणली. डीलर म्हणतो, १९१७ ची ही बंदूक थ्री-नॉट-थ्री (.३०३ इंच बोअरची) असते, पॉइंट टू-टू नसते, म्हणजे हे जोडकाम आहे आणि त्याला किंमत नाही.

मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो, आता साताऱ्यात असतो. लिहिलेल्या वर्णनावरून मला दोघांचंही पटत नाही.

आधी शिक्के. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅमची कंपनी, जी.आर. म्हणजे राजा पाचवा जॉर्ज, आणि पुढची अक्षरं शॉर्ट ली-एनफिल्डची. तो स्टार महत्त्वाचा. १९१६ मध्ये उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी मॅगझिनमधून गोळ्या येणं थांबवणारी कट-ऑफ पट्टी आणि लांब पल्ल्याच्या सामूहिक गोळीबारासाठीच्या व्हॉली साइट्स वगळल्या, त्या सुटसुटीत नमुन्याला तो लागला. म्हणजे १९१७ आणि स्टार एकमेकांना धरून आहेत. पण हे सगळं फक्त बॉडीबद्दल, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्याबद्दल झालं. बॅरल त्याच साली, त्याच कारखान्यात बनलं असं हा शिक्का सांगत नाही. डीलरची आणि घरच्यांची गफलत इथेच होते, दोघंही एका शिक्क्यावरून पूर्ण रायफलीचा निकाल लावतात.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्कराने जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली सरावासाठी पॉइंट टू-टूमध्ये अधिकृतपणे बदलल्या. काडतूस स्वस्त, धक्का नाही, छोट्या रेंजवर चालतं आणि जवानाच्या हातात वजन व बोल्ट मात्र खऱ्या रायफलीचाच. १९२६ मध्ये नावं बदलली तेव्हा मूळ शॉर्ट ली-एनफिल्डला ‘नंबर एक’ म्हणू लागले आणि या सरावाच्या रायफलीला ‘नंबर दोन’. आपल्याकडे एन.सी.सी.च्या कितीतरी पोरांनी पहिली गोळी नंबर दोन, मार्क चारवरच झाडली. सरकारी वर्कशॉपमध्ये असा बदल झालेली रायफल मी अस्सलच मानतो. सरावाची रायफल म्हणून तिचं मूळ रूप तेच आहे.

तेव्हा पाहायचं एवढंच की बदल सरकारी आहे की कुणा मिस्त्रीचा. बोल्ट उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, मगच पुढे. आता बोल्ट हेड, म्हणजे बोल्टचं पुढचं टोक, बघा. थ्री-नॉट-थ्रीची गोळी उडवणारी पिन काडतुसाच्या बुडावर मधोमध बसते, पॉइंट टू-टूची कडेवर. सरकारी कामात त्यासाठी वेगळं बोल्ट हेड असतं आणि त्याची घडाई स्वच्छ असते. जुनं भोक बुजवून शेजारी कानशीने नवं पाडलेलं दिसलं तर ते बाहेरचं काम. मग बॅरलचं तोंड. बदल दोन तऱ्हेने व्हायचा, पूर्ण नवं बॅरल किंवा जुन्या बॅरलमध्ये बसवलेली नळी. नळी असेल तर तोंडाशी, भोकाभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ दिसते. ती दिसली म्हणून दचकू नका. मॅगझिन आतून पोकळ असेल तरी काही हरवलेलं नाही, एकेक गोळी हाताने भरायची आणि रिकामं काडतूस त्या डब्यात पडायचं, अशीच ती रचना होती.

मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ देतो तो ठोकलेल्या अनुक्रमांकांना, म्हणजे नंबरांना. बॉडीच्या पुढच्या उजव्या अंगावर, बॅरलच्या मागच्या जाड भागावर आणि बोल्टच्या हँडलच्या मागे नंबर असतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरा, पुसट अक्षरंही वर येतात. आर्मररने बोल्ट बदलला की जुना नंबर आडव्या रेघेने रद्द करून शेजारी नवा ठोकायचा, त्यामुळे खोडलेला नंबर दिसला तर मला उलट बरं वाटतं. जुना नंबर घासून धातू खोलगट झालेला दिसला तर मात्र थांबा. तिथे कुणीतरी काहीतरी लपवलंय, आणि तो प्रश्न किमतीपेक्षा कायद्याचा आहे.

बाणाचा शिक्काही सापडेल. एक बाण म्हणजे सरकारी मालकी, खाली इंग्रजी ‘आय’ असेल तर हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकाला टोक भिडवून असतील तर सरकारने रीतसर विकलेली. बॅरलवर मुकुटाखाली बी.एन.पी. असेल तर ती बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमधून (हत्यारं तपासणाऱ्या संस्थेतून) नागरी बाजारात गेलेली.

पणजोबांबद्दल जपून लिहितो, कारण त्यांचा मान मोठा आहे. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कुतच्या वेढ्यातही होत्या, तेव्हा त्यांची लढाई खरी असायला काहीच हरकत नाही. पण जवानाची रायफल कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, नंबरासह जमा व्हायची, घरी नेता यायची नाही. ही त्यांनी नंतर परवान्यावर विकत घेतली असेल, आणि त्याचा कागद कुठेतरी असणार. तुमचा तासगाव तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. त्या साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचंच नाव सांगली पडलं. म्हणून घरच्या ट्रंकेत ‘सातारा’ किंवा ‘दक्षिण सातारा’ शिक्क्याची परवाना पुस्तिका शोधा. तिच्यात हत्याराचं वर्णन, नंबर आणि कुणाकडून घेतली ही नोंद मिळाली, तर माझ्या मते ती कुठल्याही डीलरच्या शब्दापेक्षा भारी. रायफल सांगली संस्थानच्या हद्दीत घेतलेली असेल तर परवाना दरबारचा असू शकतो, तोही बघा.

टार्गेटची डोळ्याजवळची भोकाची साइट तुम्ही बॉडीच्या डाव्या बाजूला लिहिली आहे. पार्कर-हेल कंपनीची असेल तर तिच्यावर नाव असतं. ती लष्करी नव्हे, नेमबाजाने नंतर लावलेली, पण त्या काळची असली तर काढू नका. मूळची लोखंडी साइट बॅरलवर शाबूत आहे ना, ते पाहा.

आणि कृपा करून पॉलिश करू नका. नवं ब्लूइंग (धातूवरचा निळसर-काळा थर) नको, लाकडाला सँडपेपर तर मुळीच नको. बटावरच्या पलटणीच्या खुणा आणि लाकडात ठोकलेले शिक्के एका दुपारच्या घासण्यात कायमचे जातात. कोरड्या कापडाने पुसा, लाकडाला जवसाच्या तेलाचा पुसटसा हात द्या, बस. आतून उघडायची असेल तर परवाना घेऊन परवानाधारक गनस्मिथकडेच जा. थ्री-नॉट-थ्री आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (साध्या परवान्यावर न मिळणारा) आहे, तेव्हा ‘मूळचं बॅरल परत बसवून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

बोल्ट हेड समोरून, बॅरलचं तोंड आणि बॅरलचा मागचा जाड भाग, एवढे तीन फोटो टाका. नंबरांवर कागदाची पट्टी ठेवूनच काढा, मी बाकीच्या खुणांवरून सांगतो.