वाचकांचे प्रश्न : परदेशी आगगाडीत सायकल नेताना

प्रश्न : माझे पती आणि मी, दोघेही निवृत्त, जून महिन्यात डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाऊ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना असा सायकलप्रवास करणार आहोत. विमानाने म्युनिकला उतरून पासाऊला आणि शेवटी व्हिएन्नाहून पुन्हा म्युनिकला आगगाडीने जायचे आहे. वाटेत पाऊस लागला किंवा थकवा आला, तर एखादा टप्पाही गाडीने पार करावा असे मनात आहे. सायकली येथून न्याव्यात की तेथे भाड्याने घ्याव्यात? गाडीत त्यांच्यासाठी आरक्षण करावे लागते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याकडे लांब पल्ल्याच्या गाडीने सायकल न्यायची असेल, तर ती पार्सल कार्यालयात नोंदवून ब्रेकव्हॅनसाठी सोपवावी लागते आणि उतरल्यावर पावती दाखवून सोडवून घ्यावी लागते. जर्मनी आणि ऑस्ट्रियात सायकल प्रवाशाबरोबर त्याच गाडीत, तिच्यासाठी राखलेल्या जागेत जाते, आणि ती चढवणे, बांधणे व उतरवणे ही तिन्ही कामे प्रवाशानेच करायची असतात. म्हणून आपल्या बेतात एक क्रम काटेकोरपणे पाळावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे : कोणत्या गाडीत सायकलीला जागा आहे ते आधी पाहावे आणि स्वतःचे तिकीट त्यानंतर काढावे. स्वस्त मिळते म्हणून वेगवान गाडीचे परतावा न मिळणारे तिकीट आधी घेतले, आणि त्या गाडीत सायकलीची जागा नाही किंवा होती ती भरली असे नंतर कळले, तर ते पैसे सहसा हाती येत नाहीत.

गाड्यांचे दोन प्रकार ध्यानात ठेवले, की बरीचशी गुंतागुंत सुटते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत, म्हणजे जर्मनीच्या आयसीई व इंटरसिटी आणि ऑस्ट्रियाच्या रेलजेट या गाड्यांत, सायकलीचे तिकीट आणि जागेचे आरक्षण दोन्ही लागते. जुन्या आयसीई गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत सायकल घेतच नाहीत, तर नव्या आयसीई-४ गाडीत सायकलींच्या आठ जागा असतात. शेकडो प्रवाशांच्या गाडीत आठच जागा असल्यामुळे उन्हाळ्यात त्या फार लवकर संपतात. प्रादेशिक गाड्यांची, म्हणजे वाटेतील लहानमोठ्या स्थानकांवर थांबत जाणाऱ्या गाड्यांची, पद्धत वेगळी आहे. तेथे सायकलीसाठी सहसा आरक्षण नसते; सायकलीचे तिकीट काढायचे आणि जागा असेल तर चढायचे. चाकाच्या खुर्चीतील प्रवासी आणि बाबागाड्या यांचा त्या जागेवर पहिला हक्क असतो, त्यामुळे डबा भरलेला असेल तर तिकीट हातात असूनही पुढच्या गाडीसाठी थांबावे लागते. तरीही आपल्यासारख्या सवडीने निघालेल्या प्रवाशांना मी प्रादेशिक गाडीच सुचवीन, कारण एक गाडी हुकली तरी त्याच तिकिटावर पुढची पकडता येते आणि पावसापाण्यामुळे बेत बदलला तरी आरक्षण वाया जात नाही.

म्युनिक ते पासाऊ या टप्प्यासाठी वेगवान गाडीची मुळीच गरज नाही. लँड्सहूट आणि प्लाटलिंगमार्गे जाणारी ‘डोनाऊ-इझार-एक्सप्रेस’ ही प्रादेशिक गाडी मध्ये बदल न करता दोन-सव्वादोन तासांत पासाऊला पोहोचवते. विमानतळावरून आधी म्युनिक शहरात जाण्याचीही आवश्यकता नाही, कारण फ्रायझिंगमार्गे लँड्सहूटला जाणारी प्रादेशिक गाडी विमानतळाच्या स्थानकातूनच सुटते आणि लँड्सहूटला पासाऊची गाडी मिळते. म्युनिकच्या एस-बान या उपनगरी गाड्यांत सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ या वेळेत आणि शाळा सुरू असलेल्या काळात दुपारी ४ ते ६ या वेळेतही सायकल नेता येत नाही, हे पाहता लँड्सहूटचा मार्ग अधिक सोयीचा वाटतो. म्युनिक व पासाऊ ज्या राज्यात आहेत, त्या बव्हेरियातील प्रादेशिक गाड्यांसाठी सायकलीचे एक दिवसाचे तिकीट मिळते. २०२३ च्या मे महिन्यात सुरू झालेले ‘डॉइचलांड तिकीट’, म्हणजे देशभरच्या प्रादेशिक व शहरी वाहतुकीचा मासिक पास, आपण काढणार असाल, तर त्यात सायकलीचे भाडे धरलेले नसते आणि ते आयसीई किंवा इंटरसिटी गाड्यांत चालत नाही, या दोन गोष्टी विसरू नयेत.

वाटेतील टप्प्यांचा विचार अधिक बारकाईने करावा लागेल. हा मार्ग सुमारे ३२५ किलोमीटरचा आहे आणि रेल्वे नदीला सर्वत्र सोबत करत नाही. पासाऊहून निघणारा लोहमार्ग शेर्डिंग आणि वेल्समार्गे लिंत्सला जातो, म्हणजे नदीपासून दूर जातो. श्लोगेन येथे डॅन्यूब जे प्रसिद्ध मोठे वळण घेते, त्या सुंदर दरीत काठाने रेल्वे नाहीच. म्हणून त्या पहिल्या दोन दिवसांत गाडीचा आधार धरू नये. मुक्काम जवळजवळ ठेवावेत आणि जोराचा पाऊस आला तर थांबण्याची तयारी ठेवावी. लिंत्सच्या पुढे परिस्थिती सुधारते. पॉक्लार्न आणि मेल्क ही दोन्ही स्थानके व्हिएन्नाच्या मुख्य मार्गावर आहेत, तेथून संक्ट पोल्टनकडे प्रादेशिक गाड्या जातात. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ खोऱ्याचा सुमारे ३५ किलोमीटरचा भाग मात्र गाडीने ओलांडू नये. द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा आणि उतारावरचे जुने किल्ले असलेले हे खोरे २००० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि या साऱ्या प्रवासात सायकलच्या वेगानेच पाहावा असा टप्पा निवडायचा झाला, तर मी हाच निवडीन. शक्ती कमी पडत असेल तर ती क्रेम्सच्या पुढे वाचवावी, कारण क्रेम्सहून तुल्नमार्गे व्हिएन्नाच्या फ्रान्झ-योझेफ स्थानकापर्यंत थेट प्रादेशिक गाड्या आहेत आणि साधारण एका तासात आपण राजधानीत असता.

आता सायकली न्याव्यात की भाड्याने घ्याव्यात, हा प्रश्न. आपल्या बेताकडे पाहता भाड्याने घेणे मला निःसंशय योग्य वाटते. पासाऊमध्ये सायकली भाड्याने देणारे व्यावसायिक आहेत आणि त्यांपैकी काहींकडे सायकल व्हिएन्नात परत करण्याची सोय असते. तशी सोय घेतली की विमानातील खोका, सुटे भाग पुन्हा जोडण्याची यातायात आणि म्युनिकच्या परतीच्या गाडीतील सायकलीचे आरक्षण, हे तिन्ही प्रश्न एकदम मिटतात. स्वतःचीच सायकल हवी असेल, तर व्हिएन्नाहून सालझबर्गमार्गे म्युनिकला जाणाऱ्या रेलजेट गाडीत दोन्ही सायकलींच्या जागा विमानाच्या तिकिटांपाठोपाठच राखून ठेवाव्यात. ही गाडी सीमा ओलांडते, म्हणून तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय सायकल तिकीट घ्यावे लागते. देशांतर्गत तिकीट चालत नाही.

फलाटावरील काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. सायकलीचे चिन्ह कोणत्या डब्यावर आहे आणि तो फलाटाच्या कोणत्या अक्षरापाशी थांबेल, हे लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी फलाटावरील फलकावर दिसते. तेथे आधीच जाऊन उभे राहावे. गाडी येण्यापूर्वी कॅरियरवरच्या पिशव्या उतरवून घ्याव्यात, कारण सामानासह सायकल उचलून पायऱ्या चढणे तरुणांनाही जड जाते. एकाने सायकली चढवाव्यात आणि दुसऱ्याने सामान सांभाळावे. काही गाड्यांत सायकल चाकाने हुकाला टांगावी लागते. ते आपणांस जमणारे नसेल तर शेजारच्या प्रवाशाला निःसंकोच विचारावे. सायकली एकमेकींना टेकवून उभ्या करण्याची पद्धत असेल तेथे कोण कोठे उतरणार हे विचारून रचना करावी आणि लवचीक पट्ट्याने बांधून टाकावे. हा पट्टा आपल्याजवळ असावाच. मे-जूनमध्ये पेंटेकॉस्ट आणि कॉर्पस ख्रिस्ती या सणांच्या सुट्ट्या येतात, त्या सुट्टीच्या दिवसांत आणि शनिवार-रविवारच्या सकाळी सायकलींची फार गर्दी होते, म्हणून आपला गाडीचा प्रवास मंगळवार-बुधवारच्या दुपारी ठेवता आला तर उत्तम.

सायकलीला जागा देणे ही रेल्वेची मर्जी न राहता कर्तव्य व्हावे, या दिशेने युरोपीय संघाने पाऊल टाकले आहे याचा मला मनापासून आनंद वाटतो. रेल्वे प्रवाशांच्या हक्कांविषयीचा २०२१ चा नियम जून २०२३ पासून लागू झाला, आणि नव्याने खरेदी होणाऱ्या किंवा मोठी सुधारणा होणाऱ्या गाड्यांत किमान चार सायकलींची सोय असावी, हे त्यातील कलम जून २०२५ पासून लागू आहे. चार हा आकडा मला अपुरा वाटतो. तरी शून्य जागांच्या गाड्या यापुढे कमी होत जातील.

प्रश्न : जपानमधील शिमानामी काईदो हा ओनोमिची ते इमाबारी या शहरांमधला मार्ग सायकलने करायचा आहे. तेथे गाडीत सायकल तशीच नेता येते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सहसा नाही. जपान रेल्वेच्या गाड्यांत सायकल दुमडून किंवा चाके काढून पूर्णपणे पिशवीत घालावी लागते. आसन किंवा हँडल बाहेर डोकावलेले चालत नाही. अशा सामानाची लांबी २ मीटरपर्यंत, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज २५० सेंटिमीटरपर्यंत आणि वजन ३० किलोपर्यंत असावे, आणि त्यासाठी वेगळे भाडे पडत नाही. शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीने फुकुयामाला येऊन तेथून स्थानिक गाडीने ओनोमिची गाठावे. शिंकान्सेनमध्ये डब्यातील शेवटच्या रांगेमागे मोठ्या सामानाची जागा असते, ती जोडलेले आसन राखून घेतले तर पिशवी ठेवण्याची चिंता राहत नाही. ओनोमिची ते इमाबारी हा मार्ग सुमारे ७० किलोमीटरचा आहे आणि दोन्ही टोकांना सायकली भाड्याने मिळतात. घरी सायकल खोलून पुन्हा जोडण्याचा सराव केला नसेल, तर भाड्याचीच सायकल घ्यावी.

प्रश्न : मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी करतो. दिवाळीनंतर आईबाबा येणार आहेत. त्यांना घेऊन सायकलींसह झीलंड या समुद्रकाठच्या प्रांतात जायचे आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, आइंडहोवन

उत्तर : नेदरलँड्सच्या गाड्यांत सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६.३० या गर्दीच्या वेळी सायकल घेत नाहीत. ही बंधने जुलै-ऑगस्टमध्ये नसतात, पण आपला प्रवास त्या काळातला नाही. म्हणून शनिवार-रविवार निवडावा किंवा सकाळी ९ नंतर निघावे. प्रत्येक सायकलीचे दिवसाचे तिकीट काढावे. दुमडलेली सायकल मात्र हातातील सामान समजली जाते, ती कोणत्याही वेळी विनामूल्य नेता येते. आईबाबांसाठी सायकली झीलंडमधील मिडलबर्ग किंवा फ्लिसिंगनला उतरूनच भाड्याने घेतल्या, तर तीन सायकली एका डब्यात चढवण्याची धावपळ टळेल. नोव्हेंबरात तेथे समुद्रावरून वारा जोराचा असतो, त्यामुळे विजेच्या मोटरची मदत असलेली सायकल (ई-बाइक) मिळते का, तेही दुकानात आधी विचारून ठेवावे.