उड्डाणाआधी आकडा लिहून ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. लढाऊ विमानाच्या आरेखनाचे काम सोडून उड्डाण-चाचणीच्या गटात जावे की नाही, असे तू विचारले आहेस. त्यामागची धास्तीही ओळींमधून कळली, की आपल्या हातून नवे काही घडणार नाही आणि इतरांनी घडवलेले तपासण्यात उमेदीची वर्षे जातील. ही समजूत आधी मनातून काढून टाक. नव्या विमानाबद्दल आरेखनकाराला जे ठाऊक असते ते बव्हंशी गणिताने आणि विंड टनेलमधल्या, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यातल्या, छोट्या प्रतिकृतीने सांगितलेले असते. त्यातले किती खरे, हे ज्ञान चाचणीतच तयार होते. मात्र त्यासाठी आपला अंदाज उड्डाणाच्या आधी, आकड्यात, लिहून ठेवलेला असावा लागतो.

याचे उत्तम उदाहरण गोव्यात आहे. दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची सोय जमिनीवरच उभारलेली आहे: उड्डाणासाठी वर चढत जाणारा स्की-जंप, आणि उतरणाऱ्या विमानाला अडवण्यासाठी आडवी पोलादी तार. २० डिसेंबर २०१४ रोजी ‘तेजस’च्या नौदल आवृत्तीचा पहिला नमुना, एनपी-१, कमोडोर जयदीप मावळणकर यांनी या स्की-जंपवरून हवेत नेला. स्की-जंपचे टोक सोडताना विमानाचा वेग नेहमीच्या उड्डाणाला लागतो त्याहून कमी असतो, आणि पुढचे काही क्षण ते जवळजवळ फेकलेल्या वस्तूसारखे वर जात वेग मिळवत असते. या क्षणांत वैमानिकाने नियंत्रणाचा दांडा ओढायचा नसतो. विमानाचा कल सांभाळण्याचे काम नियंत्रण संगणकाकडे सोपवलेले असते. त्या दिवशी चढाईचा कोन कोणत्याही क्षणी ५.७ अंशांखाली जाऊ नये, अशी अट होती. प्रत्यक्षात तो १० अंशांच्या वरच राहिला.

बाहेरचा माणूस इथे टाळ्या वाजवतो, आणि त्यात काही गैर नाही. चाचणी अभियंत्याला मात्र अपेक्षेपेक्षा चांगला आलेला आकडासुद्धा तफावत म्हणूनच पाहावा लागतो. इंजिनाचा रेटा जास्त मिळाला, हवेचा अवरोध कमी पडला, की अंदाजच हात राखून बांधला होता? इथे पहिल्या उड्डाणाचा अंदाज सावधपणे बांधलेला होता, आणि उरलेली क्षमता पुढच्या टप्प्यात अधिक भार वाहण्यासाठी वापरता येईल, असा अर्थ त्यातून निघाला. ५.७ हा आकडा आधी कागदावर नसता, तर १० अंशांतून एवढेच कळले असते की उड्डाण छान झाले.

उतरण्याची कथा अधिक लांबली, आणि ती तू बारकाईने अभ्यासावीस. धावपट्टीवर उतरणारे विमान टेकण्यापूर्वी नाक किंचित उचलून खाली येण्याचा वेग मारते. डेकवर तशी मुभा नसते. ठरलेल्या उतारानेच यायचे आणि चाके आपटायची. त्याच वेळी शेपटीखालचा हूक तारेत अडकून सगळा ताण मागच्या सांगाड्यावर येतो. हूक चुकलाच तर पुन्हा हवेत जाता यावे म्हणून वैमानिक टेकताक्षणी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारी मूठ, पुढे सारतो, म्हणजे थांबतानाही इंजिन पूर्ण जोराने पुढे रेटत असते. एवढ्या गोष्टी एकदम तपासायला गेलो आणि काही बिनसले, तर नेमके काय बिनसले हे सांगता येत नाही. म्हणून २०१८ मध्ये विमान जमिनीवरूनच धावत नेऊन तारेत अडकवले गेले. त्यात हूक, तार आणि सांगाडा होता, आपटणे नव्हते. हवेतून येऊन तार पकडणे १३ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. ‘आयएनएस विक्रमादित्य’ या विमानवाहू जहाजाच्या हलत्या डेकवर, त्याच्या मनोऱ्यामागच्या ढवळलेल्या हवेतून, विमान उतरले ते ११ जानेवारी २०२० रोजी. हा क्रम लावणे हीच या क्षेत्रातली निर्मिती आहे, असे माझे मत आहे; आरेखनकारांना ते पटवून देण्याच्या भरीस मात्र पडू नकोस.

पहिली काही वर्षे तुझ्या वाट्याला बहुधा मापनाचे काम येईल. लँडिंग गिअरवर, म्हणजे चाकांच्या पायांवर, किती भार आला हे सांगणारा स्ट्रेन गेज बोटाच्या पेरापेक्षाही लहान असतो. पृष्ठभाग घासून, पुसून, नेमक्या दिशेने तो चिकटवायचा, तारा जोडायच्या, ओल शिरू नये म्हणून वर लेप द्यायचा, आणि मग गिअरवर माहीत असलेला भार देऊन त्याचे कॅलिब्रेशन करायचे, म्हणजे त्याचा आकडा त्या भाराशी जुळवून घ्यायचा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत लेपात फट राहिली तर इन्सुलेशन उतरते आणि विमान जागचे हललेले नसतानाही आकडा सरकू लागतो. अशा आकड्यावर पुढचे उड्डाण ठरत असते, म्हणून हे काम कनिष्ठांचे समजून उरकू नकोस.

टेलिमेट्रीच्या खोलीत, जिथे उडत्या विमानातले आकडे रेडिओने जमिनीवर येतात, बसशील तेव्हा तुझ्या पडद्यावरच्या प्रत्येक आलेखाची मर्यादा आधी लिहिलेली असली पाहिजे, आणि ती ओलांडली जाताना दिसली तर खोलीत कितीही ज्येष्ठ मंडळी असली तरी ‘थांबवा’ म्हणणे तुझेच काम आहे. त्या क्षणी कारण सांगता आले नाही तरी चालते. ते उड्डाणानंतर शोधता येते.

विमान सेवेत गेलेच नाही तर सगळे श्रम वाया जातात का, असेही तू विचारले आहेस. नौदलाने डिसेंबर २०१६ मध्येच जाहीर केले होते की ‘तेजस’ची ही नौदल आवृत्ती डेकवरच्या गरजांसाठी वजनाने जास्त आहे. वर सांगितलेली उतरण्याची सगळी कामगिरी त्यानंतरची आहे. दोन इंजिनांचे नवे डेकवरचे विमान आखणाऱ्यांना हूक, गिअर आणि नियंत्रण प्रणाली यांचे स्वतः मोजलेले आकडे हाती मिळाले, ते त्यामुळेच. तुझ्या नावापुढे सेवेतले विमान लागेलच असे नाही, हे मान्य असेल तरच या गटात जा.

तोवर एक काम कर. तारेत धावत जाऊन अडकण्याच्या चाचणीचे टेस्ट कार्ड स्वतः लिहून पाहा: वेगाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला अपेक्षित भार, चाचणी थांबवण्याच्या मर्यादा, आणि पुढच्या पायरीवर जाण्यापूर्वी कोणता डेटा तपासायचा ते. मर्यादांचा रकाना आधी भर. लिहून झाले की पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो.

कळावे,
तुझा हितचिंतक