बोकडाची कवटी पिवळी का पडली?

प्रश्न: शाळेतल्या मुलांना दाखवायला बोकडाची मुंडी उकळली, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ठेवली. दोन महिन्यांत कवटी पिवळी, तेलकट झाली. नाकाच्या हाडाला हात लावला की भुगा पडतो. काय चुकलं? माळावर कोल्ह्याची कवटीही सापडली आहे, ती साफ करू का?
— एक शिक्षिका, फलटण

उत्तर: बाई, ३२ वर्षं मी कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली. माझी पहिली कवटी अशीच वाया गेली होती, फार हळहळ वाटली होती. उकळल्याने चरबी हाडात मुरते आणि नंतर पाझरत राहते. ब्लीचिंग पावडर हाड आतून पोखरते, म्हणून तो भुगा.

नवी मुंडी आणा. हातमोजे घालून कातडी, डोळे, जीभ, भेजा काढा. साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून घरापासून लांब उन्हात ठेवा. झाकण सैल असू द्या, आत वायू धरतो. मांस जिवाणू खातात. वास भयंकर येतो, शेजाऱ्यांना आधी सांगा. आठवड्याने निम्मंच पाणी बदला, कारण ते जिवाणू जुन्या पाण्यातच असतात. पाणी चाळणीतून झाडाच्या खड्ड्यात ओता. खालचे पुढचे ८ दात सुटतात, ते चाळणीत सापडतील. वर पुढे दात शोधू नका, बोकडाला ते नसतातच. शिंगांची टोपणं निघून येतील, ती बाजूला ठेवा.

मांस सगळं सुटलं की चरबी काढायला भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पाणी गढूळ होणं थांबेपर्यंत बदलत राहा, महिना लागला तरी चालेल. हाड वाळल्यावर मेणचट डाग दिसला तर पुन्हा साबणात. शेवटी औषधाच्या दुकानातलं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून एक दिवस. शिंगांची टोपणं त्यात घालू नका. सुटलेले दात फेव्हिकॉलने बसवा.

कोल्ह्याची कवटी मात्र होती तिथेच राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती घरात किंवा शाळेत ठेवता येत नाही. उचलली असेल तर वनखात्याला कळवा. आणि अचानक मेलेल्या, नाकातोंडातून रक्त आलेल्या गुराच्या जवळही जाऊ नका. तो काळपुळीचा (अँथ्रॅक्स) रोग असू शकतो.

जुनी कवटी टाकू नका. दाढा शाबूत असतील तर खालचा जबडा वरच्याखाली आडवा सरकवा. बोकड रवंथ कसा करतो, ते मुलांना हातात धरून कळेल.