ऑपरेशन झालंय, तरी पाळी चुकली

प्रश्न : माझं वय 27. मोठी मुलगी दुसरीत आहे, धाकटा बालवाडीत. धाकटा वर्षाचा झाल्यावर माहेरी तालुक्याच्या गावी कुटुंबनियोजनाचं बिनटाक्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्याला तीन वर्षं झाली. पाळी कधी पुढे गेली नव्हती. या महिन्यात पंधरा दिवस वर गेले म्हणून मेडिकलमधून पट्टी आणून बघितली, तर दोन रेघा आल्या. मी घरी शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते. सध्या सीझन आहे, दिवसभर मशीनवर बसून पोटात एका बाजूला दुखतंय असं वाटतं. थोडे डागही लागतात. सासूबाई म्हणतात, ऑपरेशन झाल्यावर दिवस जातच नाहीत, मग हे कसं? त्यांना काय म्हणायचंय ते मला कळतं. नवरा चांगला आहे, पण दोन दिवस धड बोलला नाही. शेजारची म्हणते, मेडिकलमध्ये पाच गोळ्यांचं पाकीट मिळतं, घे आणि मोकळी हो. घेऊ का? आणि डॉक्टर, असं खरंच होतं का, की माझ्याच अंगात काही दोष आहे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचं पत्र हातात आलं त्याच दिवशी मी तुमच्याशी फोनवर बोलले, कारण एका बाजूला दुखणं आणि डाग हे वाचल्यावर अंक छापून येईपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. ओळख पटेल असे तपशील बदलून, तुमच्या परवानगीनं पत्र इथे देते आहे. हाच प्रश्न मनात घेऊन गप्प बसलेल्या कितीतरी जणी असतात, त्यांच्यासाठीही हे उत्तर आहे.

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. हो, असं होतं. तुमच्या अंगात दोष नाही आणि वागण्यात तर नाहीच नाही.

ऑपरेशनमध्ये गर्भपिशवी काढत नाहीत, पाळी बंद करत नाहीत. स्त्रीबीज ज्या दोन नळ्यांतून पिशवीकडे येतं, त्या नळ्या बंद करतात. टाक्याच्या ऑपरेशनमध्ये नळीचा वळसा बांधून मधला तुकडा कापतात. बिनटाक्याच्या, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नळीच्या वळशावर बहुतेक वेळा एक छोटी रिंग चढवतात. पण नळी हा जिवंत अवयव आहे, तो भरून येतो. कापलेली टोकं कधी पुन्हा जुळतात, कधी बंद टोकाला सुईच्या अग्रापेक्षा बारीक वाट तयार होते. कधी रिंग नीट बसलेली नसते, तर कधी नळीऐवजी तिच्या शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या बंधावर बसते. क्वचित असंही असतं, की ऑपरेशनच्या दिवशीच गर्भ राहिलेला असतो आणि तो इतका लहान असतो की तपासणीत कळत नाही. यातलं काहीही बाईच्या हातात नसतं.

किती जणींना होतं? अमेरिकेत ऑपरेशन झालेल्या 10,685 स्त्रियांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून एक मोठा अभ्यास झाला, तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत दर हजार जणींमागे साधारण 18 ते 19 जणींना दिवस गेले. बाळंतपणानंतर लगेच नळीचा तुकडा कापलेल्यांमध्ये हे प्रमाण हजारी सात-आठ इतकं कमी होतं. एकूण पाहता, ऑपरेशनच्या वेळी वय जितकं कमी तितका धोका जास्त दिसला. तुमचं ऑपरेशन चोविसाव्या वर्षी झालं. आपल्याकडे बहुतेक जणी तिशीच्या आतच ऑपरेशन उरकतात, म्हणून ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते. अजून वीस-पंचवीस वर्षं बीज तयार होणार असतं आणि त्या सगळ्या काळात तेवढीशी शक्यता शिल्लक राहते. ‘तीन वर्षं काही झालं नाही, आता काय होणार’ असं म्हणून चालत नाही.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. ऑपरेशननंतर दिवस गेलेच, तर गर्भ पिशवीत न राहता नळीतच राहण्याची शक्यता बरीच असते. त्याच अभ्यासात राहिलेल्या गर्भांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा नळीतले होते. कारण सरळ आहे. पुरुषबीज अगदी सूक्ष्म, ते त्या बारीक वाटेतून पलीकडे जातं. फळलेलं बीज त्याच्या मानानं खूप मोठं, ते परत येताना अडकतं आणि तिथेच रुजतं. नळीला पिशवीसारखं ताणता येत नाही. काही आठवड्यांत ती फुटते आणि रक्त पोटात साठत जातं, बाहेर फारसं दिसतही नाही. एकूण हिशोब मांडला तर ऑपरेशन झालेल्या बाईला नळीत गर्भ राहण्याचा धोका काहीच साधन न वापरणाऱ्या बाईपेक्षा कमीच असतो, त्यामुळे ऑपरेशन केलेल्यांनी घाबरून जायचं कारण नाही. पण ऑपरेशन झालंय आणि पट्टीवर दोन रेघा आल्या आहेत, तर ‘गर्भ कुठे आहे’ हे कळेपर्यंत दुसरं कुठलंही काम महत्त्वाचं नाही. शिलाईही नाही.

एक पेशंट सांगते. विडी वळणारी बाई, ऑपरेशनला सात वर्षं झालेली. खांदा दुखतो म्हणून आली. सुपावर वाकून बसायचं काम, त्यामुळे खांदा भरला असणार असं घरच्यांनी ठरवलं होतं आणि उजव्या खांद्याला इतका बाम चोळला होता की खोलीभर वास सुटला. मी तिचा हात हातात घेतला तर गार, घामेजलेला. खालची पापणी ओढून बघितली, कागदासारखी पांढरी. नाडी पळत होती. पाळी कधी आली म्हटल्यावर सोबतची जाऊ म्हणाली, “तिचं ऑपरेशन झालंय ओ.” म्हणजे हा प्रश्न विचारायचाच नाही! नळी फुटली होती. पोटात साठलेलं रक्त छातीखालच्या पडद्याला चिकटलं की कळ खांद्यात उठते. तिला तातडीनं ऑपरेशनला घेतलं, रक्ताच्या बाटल्या लावल्या, ती वाचली. पाळी दहा दिवस वर गेल्याचं तिला आठवत होतं. ऑपरेशन झालंय, या एका वाक्यापायी ती कुणाला बोलली नव्हती.

म्हणून सांगते, पाळी चुकणं, डाग लागणं, ओटीपोटात एका बाजूला दुखणं, चक्कर, अंधारी, खांद्यात कळ, सारखं शौचाला होईलसं वाटणं, यातलं काहीही असेल तर दवाखान्यात गेल्या गेल्या स्वतःहून म्हणा : “माझं ऑपरेशन झालंय, पण पाळी चुकलीय.” चक्कर किंवा खूप दुखणं असेल तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करून सरळ सिव्हिल गाठा.

त्या पाकिटाबद्दल. शेजारणीनं मायेनं सांगितलं असेल, पण नाही म्हणजे नाही. त्या गोळ्या पिशवीतल्या गर्भासाठी असतात, नळीतल्या गर्भावर त्यांचा उपयोग होत नाही. होतं काय, गोळ्यांनी रक्तस्राव सुरू होतो, बाईला वाटतं सुटले, आणि नळीतला गर्भ आत वाढतच राहतो. पोटात दुखलं तर गोळीमुळे दुखतंय असं समजून ती घरीच पडून राहते. त्यात जीव जातो. गोळ्या घ्यायच्याच असतील तर आधी सोनोग्राफी आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तुम्ही फोननंतर दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफी करून घेतलीत, फार बरं केलंत. गर्भ पिशवीत आहे, नळ्यांमध्ये काही नाही. एका बाजूचं दुखणं त्या महिन्याचं बीज जिथून सुटलं तिथल्या साध्या गाठीमुळे असावं, ती आपोआप विरते. डाग वाढले किंवा दुखणं वाढलं तर मात्र पुन्हा दाखवा. सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसली असती, तर रक्तातली बीटा एचसीजी, म्हणजे गर्भामुळे तयार होणाऱ्या द्रव्याची, तपासणी दोन दिवसांच्या अंतरानं करावी लागली असती. नळीतला गर्भ लवकर सापडला तर काही वेळा इंजेक्शनवर भागतं, नाहीतर दुर्बिणीतून नळी काढतात. हे वाचणाऱ्या इतर जणींसाठी सांगितलं.

पुढे काय, हे तुम्ही ठरवायचं. मूल ठेवायचं असेल तर झालेल्या ऑपरेशनमुळे बाळात व्यंग येत नाही, नेहमीच्या बाळंतपणासारखीच काळजी घ्यायची. ठेवायचं नसेल तर गर्भनिरोधन फसणं हे गर्भपातासाठी कायद्यानं मान्य केलेलं कारण आहे. 1971 च्या कायद्यात ते होतंच, 2021 च्या दुरुस्तीनं आणखी स्पष्ट झालं. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. सही फक्त तुमची लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही आणि तुमचं नाव दवाखान्यानं कुणाला सांगायचं नसतं. ठरवायला चार दिवस घ्या, पण महिना घालवू नका, जितकं लवकर तितकं सोपं.

ऑपरेशनचं प्रमाणपत्र माहेरी पत्र्याच्या पेटीत आहे म्हणालात, ते आधी मागवून घ्या. ऑपरेशन फसलं तर भरपाई देण्याची सरकारी योजना आहे. अर्ज जिथे ऑपरेशन झालं तिथेच करायचा, दिवस गेल्याचं कळल्यापासून 90 दिवसांच्या आत. डॉक्टरांनी चूक केली हे सिद्ध करावं लागत नाही, ऑपरेशन झालं होतं आणि तरी दिवस गेले एवढं कागदावर दिसलं पाहिजे. त्यासाठी लघवीच्या तपासणीचा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट जपून ठेवा. आशाताईंना सोबत घ्या, त्यांना कागदपत्रं माहीत असतात.

आता थोडं तुमच्या सासूबाईंशी आणि नवऱ्याशी बोलते. तुम्ही त्यांना हा भाग वाचून दाखवा. आई, तुमच्या सुनेनं ऑपरेशनला जाताना ज्या संमतीपत्रावर सही केली, त्यावरच छापलेलं असतं की हे ऑपरेशन फसू शकतं आणि पाळी चुकली तर दोन आठवड्यांत दवाखान्यात कळवायचं. हे होतं म्हणूनच सरकारनं भरपाईची योजना ठेवली आहे. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की ऑपरेशन नीट करूनही निसर्गतः ते फसू शकतं, म्हणून नुसत्या फसण्यावरून डॉक्टरला दोषी धरता येत नाही. मग ज्या बाईनं घराच्या सोयीसाठी पोटावर ऑपरेशन सोसलं तिला तुम्ही कशी दोषी धरता? आणि दादा, तुमचं दोन दिवसांचं न बोलणं तिला पोटदुखीपेक्षा जास्त लागलंय. पत्रात सगळ्यात जास्त खाडाखोड त्याच ओळीत होती. तिच्यासोबत दवाखान्यात जा.

प्रश्न : वय 46, ऑपरेशनला सोळा वर्षं झाली. दोन महिने पाळी नाही, अंगातून वाफा येतात. मुलगी म्हणते तपासणी कर, मला लाज वाटते. गरज आहे का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : लक्षणं पाळी जाण्याच्या काळातली दिसतात आणि बहुधा तेच निघेल. तरी मुलीचं ऐका. सकाळच्या पहिल्या लघवीची पट्टी लावा, स्वस्तात शंका फिटते. एकच रेघ आली तर आठवड्यानं पुन्हा एकदा बघा. पाळी पूर्ण वर्षभर बंद राहून नंतर रक्त दिसलं, तर मात्र वय झालं म्हणून सोडून देऊ नका, लगेच दाखवा.

प्रश्न : मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. दोन मुलं झाली. बायकोला रक्त कमी आहे, तिचं ऑपरेशन करू नये असं मला वाटतं. पुरुषाच्या ऑपरेशननं अशक्तपणा येतो म्हणतात. कामाच्या पाळीला उभं राहता येईल का?
— एक वाचक, अशोक चौक परिसर

उत्तर : तुमच्यासारखी पत्रं मला क्वचित येतात, मनापासून बरं वाटलं. अशक्तपणा येत नाही. ताकद, इच्छा, संबंध, कशातच फरक पडत नाही, कारण फक्त बीज वाहणारी नळी बंद होते. बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून थोड्या वेळात होते, त्याच दिवशी घरी जाता येतं. पहिले दोन दिवस विश्रांती घ्या, त्यानंतर हलकं काम चालेल. सुताचे बीम उचलणं किंवा सायकल मारणं आठवडाभर नको. कारखान्यात सुट्टी आधीच सांगून ठेवा. पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा साधं आहे, त्यात पोट उघडावं लागत नाही आणि फसण्याचं प्रमाणही कमी आहे. पण ते लगेच लागू होत नाही. नळीत आधीचं बीज शिल्लक असतं, म्हणून तीन महिने निरोध वापरा, मग वीर्याची तपासणी करून घ्या. रिपोर्टमध्ये बीज नाही असं आल्यावरच निरोध सोडायचा. बहुतेक जण ही तपासणी टाळतात आणि मग बायकोला दिवस गेले की घरात नको ती भांडणं होतात. तुम्ही टाळू नका. बायकोचं हिमोग्लोबिनही त्याच खेपेला तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.